हिरवी बैठक

सुटी कुणाच्या नावानं मिळाली याची चौकशी बँकेतला माणूस करत नाही. संत असो, पैगंबर असो, देशभक्त असो, सुटी ती सुटी. बी. कॉम.ला असताना १८८१ सालचा 'निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट' आम्हाला अभ्यासाला होता. 'होल्डर इन ड्यू कोर्स' म्हणजे नेमका कोण, हे मला त्या परीक्षेत सांगता आलं नाही आणि काउंटरवर बावीस वर्षं काढल्यावर आजही कुणी झोपेतून उठवून विचारलं तर सांगता येईलसं वाटत नाही. पण त्याच कायद्याचं पंचविसावं कलम मात्र मला तोंडपाठ आहे. आमच्या सुट्या जाहीर होतात त्या या कलमाखाली. नवं कॅलेंडर भिंतीवर चढलं की इतर माणसं आपला वाढदिवस कोणत्या वारी येतो ते बघतात. आम्ही कुठले सण रविवारी येऊन फुकट गेले ते मोजतो.

एवढा व्यासंग असूनही सतरा मार्च ही सुटीची तारीख असू शकते, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मार्च हा बँकेत महिना नसतोच, ते एक दुखणं असतं. मार्चमध्ये बँकेतल्या माणसानं लग्न करू नये, आजारी पडू नये आणि शक्यतो मरूही नये. मी मॅनेजरसाहेबांकडे मार्चमधली तीन आठवड्यांची रजा मागितली तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "तुम्ही माझी किडनी मागा. देतो."

पण माझाही इलाज नव्हता. आमची धाकटी मेहुणी डब्लिनला असते. तिचे दिवस भरत आले होते. सासूबाईंचे गुडघे विमानात बसायला तयार नव्हते, तेव्हा बाळंतपणाला थोरल्या बहिणीनं जायचं ठरलं. थोरली बहीण म्हणजे आमची सौ. तिला एकटीला विमान बदलायची भीती वाटते, असं ती सगळ्यांना सांगते. खरी भीती मला तीन आठवडे एकट्याला घरात ठेवायची. तर डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा असा सगळा ऐवज घेऊन आम्ही डब्लिनला उतरलो आणि चौथ्या दिवशी मेहुणीला मुलगा झाला. हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी कौतुकानं 'पॅट्रिक' नाव सुचवलं. साडूंनी ते फोनवर सासूबाईंना सांगितलं. त्यांना 'पाटील' ऐकू आलं. "आडनाव कसं ठेवता येईल?" एवढंच त्या म्हणाल्या आणि तो प्रश्न मिटला.

बाळंतिणीच्या घरात पुरुषमाणसाइतकी निरुपयोगी वस्तू दुसरी नाही. साडू निदान बाळाचे वडील तरी होते. मी कोणीच नव्हतो. मी जिथं उभा राही तिथूनच कुणाला तरी गरम पाणी न्यायचं असे. शेवटी मी घराबाहेरच्या बुटक्या भिंतीवर बसायला लागलो. भिंतीच्या पलीकडे शेजारच्यांची बाग. बागेत टोपी घातलेले एक उंच, वाळलेले आजोबा सारखं काहीतरी छाटत असत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कात्री खाली ठेवली आणि मी काय करतो ते विचारलं.

"बँकेत आहे," मी म्हणालो.

"कॅश की लेजर?"

मंडळी, सातासमुद्रापलीकडे भेटलेला माणूस हवापाण्यावर न बोलता 'कॅश की लेजर' असं विचारतो, तेव्हा उर भरून येतो. आजोबा आयुष्यभर बँकेत कॅशवर होते. त्या क्षणापासून मी त्यांना मनात कॅशियरसाहेब म्हणू लागलो. आम्ही दोघांनी त्या भिंतीवर बसून फाटक्या नोटा, न जुळणारी कॅश आणि दुपारी तीनला एक मिनिट असताना येणारं गिऱ्हाईक या विषयांवर जी चर्चा केली, तिला भाषेची अडचण कुठेच आली नाही.

त्यांच्याकडूनच मला १९७० चा तो थोर संप कळला. आम्ही एका दिवसाचा संप केला तर पेपरात अग्रलेख येतो. आयर्लंडातल्या मोठ्या बँका १ मे १९७० ला ज्या बंद झाल्या, त्या नोव्हेंबरात उघडल्या! साडेसहा महिने देशात बँक नाही. मी श्वास रोखून विचारलं, "मग देश बुडाला?" आजोबा म्हणाले, "छे. लोकांच्या लक्षातही आलं नाही." लोक चेक लिहीत राहिले. ते वटवायला बँक नव्हती, म्हणून ते दुकानदार आणि पबवाले वटवू लागले. एकाचा चेक दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, पाठीवर सह्या होत होत चेक नोटांसारखे गावभर फिरले. कुणाचा चेक घ्यायचा आणि कुणाचा नाही, हे पबवाल्याला बरोबर कळे. "आम्ही गिऱ्हाइकाचे कागद बघतो," कॅशियरसाहेब म्हणाले, "पबवाल्यानं तो माणूस रात्री अकरा वाजता बघितलेला असतो." माझी बावीस वर्षांची नोकरी, त्यातली दोन प्रमोशनची हुकलेली परीक्षा, सगळं एका वाक्यात निकालात निघालं.

त्या संपात तेवीस वर्षांचे कॅशियरसाहेब पोटासाठी लंडनला गेले. दिवसभर एका गोदामात बिस्किटांच्या पेट्या उचलायच्या. संध्याकाळी करायला काही नाही आणि खिशातही काही नाही. अल्बर्ट हॉलमध्ये उन्हाळ्यात प्रॉम्सच्या मैफली असतात आणि उभं राहून ऐकलं तर तिकीट स्वस्त पडतं, असं कुणीतरी सांगितलं. हे पहिल्या दिवशी गेले ते पाऊस चुकवायला. मग रोज गेले. "नोव्हेंबरात बँक उघडली तेव्हा मला वाईट वाटलं," ते म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं. बँक उघडल्याचं वाईट मलाही रोज वाटतं, पण माझं कारण इतकं वरच्या दर्जाचं कधी नव्हतं.

इथंच माझ्या हातून ती चूक झाली. त्यांनी विचारलं, "तुम्हाला क्लासिकल म्युझिक आवडतं?" आणि मी, काउंटरवर 'आहे' आणि 'नाही' यांखेरीज शब्द न वापरणारा माणूस, छाती पुढे काढून म्हणालो, "मी पुण्याचा! आमच्या घरात तर वडिलांपासून आहे!"

यातलं 'वडिलांपासून' खरं होतं. वडिलांपासून होतं आणि वडिलांपाशीच संपलं. आमचे अप्पा पोस्टात होते, पण ते त्यांचं उपजीविकेचं साधन. खरे ते श्रोते होते. सवाई गंधर्व महोत्सवाला ते मला खांद्यावर टाकून नेत. त्या महोत्सवात थोर थोर गवयांच्या गाण्यात मी जितकं गाढ झोपलो आहे, तितकं पुढं आयुष्यात कुठंही झोपू शकलो नाही. महिन्यातून एकदा आमच्या दोन खोल्यांच्या घरी बैठक असे. गाणारे कोणी नामवंत नव्हेत. पोस्टातले एक सॉर्टर, एक शाळामास्तर, क्वचित कुणाचे तरी पाहुणे. अप्पा ते सगळं टेपवर घेत आणि कॅसेटवर निळ्या शाईनं राग, ताल, तारीख लिहीत. वहीत नोंद ठेवत. अशा एकूण २१४ कॅसेटी.

अप्पा गेले आणि दोन वर्षांनी आम्ही नव्या फ्लॅटमध्ये आलो. फ्लॅट लहान, खोकी मोठी. टेपरेकॉर्डर कधीच मोडलेला. मी त्या कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. आता तुम्ही मला काय म्हणणार ते मी सहा वर्षं स्वतःला म्हणतो आहे, तेव्हा पुढं चला. मी आधी दहा कॅसेटींचं वजन घरच्या काट्यावर करून घेतलं होतं, साडेसहाशे ग्रॅम. त्या हिशेबानं २१४ कॅसेटी जवळजवळ चौदा किलो भरायला हव्यात. भंगारवाल्याच्या तराजूत भरल्या तेरा किलो दोनशे. तराजू खोटा आहे म्हणून मी त्याच्याशी जिन्यात अर्धा तास भांडलो. बारा रुपये किलोनं १५८ रुपये ४० पैसे आले. चाळीस पैसे त्यानं दिले नाहीत.

हे मी कॅशियरसाहेबांना काय सांगणार! त्यांचा चेहरा उजळला होता. म्हणाले, "मग सतरा तारखेला दुपारी दोनला आमच्याकडे या. सेंट पॅट्रिक्स डे. पंचवीस वर्षं आम्ही काहीजण जमतो. नियम दोनच. अंगावर हिरवं काहीतरी हवं, आणि प्रत्येकानं ऐकवायला काहीतरी आणायचं."

सतरा तारीख उजाडली. सकाळपासून रस्त्यानं हिरवीगार माणसं शहराच्या दिशेनं चालली होती. हिरव्या टोप्या, हिरवे गाल, पोरांना चिकटवलेल्या नारिंगी दाढ्या. शहरात मोठी मिरवणूक निघते. साडूंनी ती टीव्हीवर लावली आणि बाळाला मांडीवर घेऊन मला संताची माहिती दिली. हा पॅट्रिक मुळात आयरिश नव्हेच. रोमन राजवटीतल्या ब्रिटनमध्ये जन्मला. सोळाव्या वर्षी चाच्यांनी पळवून आयर्लंडात आणला, सहा वर्षं गुलाम म्हणून मेंढरं राखली, पळून घरी गेला आणि पुढं धर्मगुरू होऊन ज्यांनी राबवलं त्यांच्याच देशात परत आला. बदली रद्द करून घेतल्यावर पुन्हा अर्ज करून त्याच शाखेत जाणारा माणूस मी तरी बघितलेला नाही. त्यानं आयर्लंडातले सगळे साप समुद्रात हाकलले, अशी कथा आहे. शास्त्रज्ञ म्हणतात, हिमयुगानंतर त्या बेटावर साप पोचलेच नव्हते. म्हणजे न दिलेल्या कर्जाची शंभर टक्के वसुली. आमच्याकडे असं दाखवणाऱ्याला रिजनल मॅनेजर करतात.

आणि ही सुटी चक्क 'बँक हॉलिडे' आहे! १८७१ साली सर जॉन लबक या गृहस्थांनी पार्लमेंटात बँक हॉलिडेचा कायदा करून घेतला. ते स्वतः बँकर. लोकांना इतका आनंद झाला की त्या सुटीला 'सेंट लबक'चा दिवस म्हणू लागले. बँकर असून संतपदाला पोचलेले दुसरे कुणी मला माहीत नाहीत. सतरा मार्च मात्र १९०३ च्या कायद्यानं त्या यादीत आला. त्यातली मेख कॅशियरसाहेबांनी सांगितली. त्यांच्या लहानपणी या दिवशी पब कायद्यानं बंद असत. आपल्याकडच्या ड्राय डेसारखंच. पार १९६० च्या सुमारापर्यंत तसं होतं. डब्लिनात प्यायला मिळे ते एकाच ठिकाणी, रॉयल डब्लिन सोसायटीच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात. "त्या दिवशी साऱ्या शहराला कुत्र्यांबद्दल अतोनात प्रेम वाटे," ते म्हणाले.

दीड वाजला. माझ्याकडे हिरवं काही नव्हतं. साडूंचा हिरवा रेनकोट मी घातला, तो मला गुडघ्यापर्यंत आला. सौ.नं हिरवी इरकल नेसली, हातात हिरव्या बांगड्या होत्याच, शिवाय डब्यात कोथिंबीरवड्या. "तुम्ही ऐकवणार काय?" तिनं दारात विचारलं. मी म्हणालो, "बघू. यूट्यूबवरचं काहीतरी." ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला तिची भीती वाटते.

आजोबांच्या दिवाणखान्यात सहाजण होते. एक चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई. एक निवृत्त बसड्रायव्हर, बीथोव्हेनचं नाव निघालं की उभे राहणारे. एक जोडपं, त्यातला नवरा झोपाळू आणि बायको त्याला टोचणारी, म्हणजे हे जगभर असतं. आणि एक बारीक मिशीचे गृहस्थ, ज्यांना मी लगेच 'जन्मदाखलेवाले' हे नाव ठेवलं. कारण या दिवशी फक्त आयर्लंडचं संगीत लावायचं हा तिथला रिवाज, आणि कोणता संगीतकार आयरिश ठरतो हे कागदपत्रं तपासून सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. मला एकदम आमचं केवायसी काउंटर आठवलं.

ऑर्गनवाल्या बाईंचा कॅरोलन विनाहरकत पास झाला. टर्लो ओ'कॅरोलन, १६७० चा जन्म, अठराव्या वर्षी देवीत डोळे गेले. एका दयाळू बाईनं त्याच्या हार्प शिकण्याची सोय केली आणि एक घोडा, एक वाटाड्या देऊन रस्त्याला लावलं. जवळजवळ पन्नास वर्षं तो घोड्यावरून गावोगाव फिरला. ज्याच्या घरी उतरेल त्याच्या नावानं एक चीज बांधून द्यायची, जेवायचं, बिदागी घ्यायची, पुढं निघायचं. हार्प हे तिथलं राष्ट्रचिन्ह, नाण्यावरसुद्धा हार्प आहे. पण गिनेस कंपनीनं १८७६ सालीच तिचा ट्रेडमार्क करून ठेवला होता, त्यामुळे देश स्वतंत्र झाल्यावर सरकारला आपली हार्प उलट्या तोंडाची काढावी लागली. राष्ट्रचिन्हावर आधीच दुसऱ्याचा बोजा चढलेला, असं माझ्या पाहण्यात हे एकच प्रकरण.

बसड्रायव्हरांच्या बीथोव्हेनवर मात्र आक्षेप आला. बीथोव्हेननं आयरिश गाण्यांच्या चालींना साज चढवून दिला होता. त्यातली पंचवीस गाणी १८१४ साली छापली गेली. पण तो आयर्लंडात कधी आलाच नाही. एडिंबराचा टॉमसन नावाचा प्रकाशक त्याला चाली पोस्टानं पाठवी, बऱ्याचदा शब्दांशिवाय, आणि हा व्हिएन्नात बसून काम करून पैसे मोजून घेई. "आउटसोर्सिंग!" मी म्हणालो. जन्मदाखलेवाले हसले नाहीत. "ॲड्रेस प्रूफ नाही," एवढंच म्हणाले. बसड्रायव्हर उभेच होते. शेवटी अर्धीच बाजू लावायची असा तोडगा निघाला.

हँडेलची केस गुंतागुंतीची. जन्म जर्मनीचा, वास्तव्य लंडनचं. पण त्याची 'मसाया' ही रचना जगानं पहिल्यांदा ऐकली ती डब्लिनला, फिशॅम्बल स्ट्रीटवरच्या सभागृहात, १३ एप्रिल १७४२ ला. मुदत ठेव डब्लिनच्या शाखेत ठेवली म्हणून खातेदार डब्लिनचा, असा टोचणाऱ्या बाईंचा मुद्दा होता. सभागृहात माणसं जास्त मावावीत म्हणून जाहिरातीतून बायकांना विनंती केली होती की फुगवट्याचे सांगाडे घागऱ्याखाली घालून येऊ नका, आणि पुरुषांना, की तलवारी घरी ठेवा. सातशे माणसं दाटीवाटीनं बसली. जमलेली रक्कम धर्मादाय. त्यातून दोन हॉस्पिटलांना वाटा गेला आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्या १४२ माणसांची देणी फेडून त्यांना सोडवलं.

इथं मी हात वर केला. म्हणालो, "मी कर्जवसुली खात्यात पाच वर्षं होतो. एका गाण्यात १४२ खाती बंद होत असतील तर तो माणूस कुठे जन्मला हे कृपा करून विचारू नका." टाळ्या पडल्या. हँडेल पास झाला. माझी गुणग्राहक म्हणून तिथं जी ख्याती झाली, ती अशी निव्वळ वसुलीच्या अनुभवावर.

मग कॅशियरसाहेबांनी आपली तबकडी काढली. जॉन फील्ड. डब्लिनमध्ये १७८२ साली जन्म, म्हणजे दाखला चोख. पण पुढचं आयुष्य बहुतेक रशियात, मॉस्कोलाच १८३७ मध्ये गेला. थोडक्यात, एनआरआय खातं. क्लेमेंटी हा त्याचा गुरू, पियानो शिकवायचा आणि पियानो विकायचाही. पोरगं वाजवतंय छान म्हणून त्यानं त्याला दुकानात बसवलं, गिऱ्हाइकांपुढं माल वाजवून दाखवायला. १८०२ साली त्याला घेऊन रशियाला निघाला. स्पोर नावाच्या व्हायोलिनवादकानं लिहून ठेवलं आहे, की तो पीटर्सबर्गला यांच्याकडे गेला तेव्हा गुरुशिष्य दोघेही बाह्या सरसावून टबात मोजे धूत होते. धोबी महाग पडतो म्हणून! मी सौ.कडे बघितलं. गुरूचं धुणं धुतल्याशिवाय विद्या येत नाही, असं अप्पा नेहमी सांगत. पण गुरूही शेजारी बसून धुतो, म्हणजे हे घराणं अंमळ निराळं.

या फील्डनं पियानोवरच्या एका शांत, लांब वळणाच्या गतीला नाव दिलं नॉक्टर्न. रात्रीचं संगीत. त्याची नॉक्टर्न्स छापून आली तेव्हा शोपँ जेमतेम चालायला शिकत होता. पुढं नाव शोपँचं झालं. पाया एकानं घालायचा आणि कळसाचं कमिशन दुसऱ्यानं न्यायचं, हे संगीतातही आहे तर.

कॅशियरसाहेब सुई टेकवणार, तोच माझ्या तोंडून गेलं, "पण आत्ता? दुपारी?"

सगळे माझ्याकडे वळले. मी गडबडलो, पण बोललो होतो. "नाही, म्हणजे, आमच्याकडे रात्रीचा राग दुपारी लावत नाहीत. वडील म्हणायचे, दुपारी मालकंस म्हणजे दुपारी चांदणं मागण्यासारखं." अप्पांचं हे वाक्य माझ्या डोक्यात कुठल्या खणात पडून होतं कोण जाणे. मला ते लक्षात आहे हेच मला माहीत नव्हतं. कॅशियरसाहेबांनी हात तसाच ठेवून क्षणभर विचार केला, मग उठले आणि खिडक्यांचे जाड पडदे एकेक करून ओढले. बाहेर मिरवणुकीहून परतणारी मंडळी पिपाण्या वाजवत होती. आत अंधार झाला. आणि त्या अंधारात तो पियानो सुरू झाला.

मला पाश्चात्त्य संगीतातलं काही कळत नाही. खरं म्हणजे आपल्यातलंही कळत नाही. पण डावा हात एकाच जागी हलके हलके झुलत होता, आणि त्यावरून उजवा कुणालाही जागं न करता घरातून बाहेर पडावं तसा चालला होता. आत बाळंतघरात जागून जागून माझे डोळे जड झाले होते. झोपेची ती जुनी, खांद्यावरची गुंगी आली. मी झोपलो नाही. झोपाळू नवरा झोपला, त्याला कुणी टोचलं नाही.

"आता भारत," कॅशियरसाहेब म्हणाले.

मी मोबाइल काढला. जन्मदाखलेवाल्यांनी घसा साफ केला. भारताबद्दल आदर आहे, पण आजच्या दिवसाचा नियम, वगैरे. मला सुटल्यासारखं झालं. मी मोबाइल परत खिशात घालणार, तर शेजारून सौ. तिच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "मार्गारेट कझिन्स कुठल्या?"

सौ. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. तिच्या प्रश्नानंतर वर्गात शांतता पसरते, तशी पसरली. "बॉइलच्या! रॉसकॉमन परगण्यातलं बॉइल!" ऑर्गनवाल्या बाई ओरडल्या, त्या स्वतः तिकडच्याच निघाल्या. मग सौ.नं पाठ सांगितला. संगीताची पदवी घेतलेली ही आयरिश बाई १९१५ साली भारतात आली. १९१९ साली टागोर मदनपल्लीला उतरले होते, तिथं 'जन गण मन'च्या चालीचं स्वरलेखन केलं ते हिनं. अखिल भारतीय महिला परिषद उभी करण्यात पुढाकार हिचाच, आणि त्या परिषदेची पहिली बैठक १९२७ च्या जानेवारीत भरली ती आमच्या पुण्यात. "आमच्या राष्ट्रगीताच्या वहीवर तुमच्या बाईचं अक्षर आहे," सौ. म्हणाली. "आता आमचं खातं उघडायचं की नाही?"

जन्मदाखलेवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा फॉर्म न बघता सही केली असावी.

मी यूट्यूब उघडत होतो. सौ.नं माझा हात बाजूला केला आणि आपला मोबाइल पुढं धरला. आधी नुसती खरखर. मग तंबोरा. मग कुणीतरी खोकलं. आणि मला घाम फुटला, कारण तो खोकला मी ओळखतो. तपकिरीनंतरचा अप्पांचा खोकला.

"तुम्ही जिन्यात त्या भंगारवाल्याशी भांडत होतात ना," ती मराठीत हळूच म्हणाली, "त्याच्या आधीच मी अकरा काढून ठेवल्या होत्या. हाताला लागल्या तेवढ्या. भाच्यानं मोबाइलवर घालून दिल्यात."

अकरा. पासष्ट ग्रॅमप्रमाणे सातशे पंधरा. तेरा किलो दोनशेत सातशे मिळवा. सहा वर्षं न जुळलेली कॅश त्या अंधाऱ्या खोलीत माझ्या डोळ्यांदेखत जुळली. तराजू खरा होता. मी त्या माणसाला जिन्यात चोर म्हणालो होतो.

पोस्टातले सॉर्टरकाका बागेश्री गात होते. १९८६ सालची बैठक. "हाही रात्रीचाच," मी सांगितलं. "आपल्याकडे आत्ता नऊ वाजलेत," सौ. म्हणाली, "चालतं." पडदे तसेच राहिले. सॉर्टरकाकांचा आवाज काही मोठ्या गवयाचा नव्हे. मध्येच तबल्याचा सूर उतरे, बाहेरून सायकलची घंटी येई. आणि दर आवर्तनाला समेवर अप्पांची ती 'वाऽ' येई. मोठी नाही, फक्त स्वतःपुरती. तिसऱ्या समेला बसड्रायव्हर अप्पांच्या बरोबरीनं मान हलवू लागले.

माझ्या खिशात फोन थरथरला. मॅनेजरसाहेब. मार्च एंडिंगला रात्री नऊ म्हणजे बँकेत भर दुपार. बावीस वर्षांत मी पहिल्यांदा साहेबांचा फोन कापला.

गाणं संपलं, पण टेप बंद झाला नव्हता. चहाच्या कपांचा आवाज, हसणं, मग अप्पा म्हणतात, "बाळ्या, ते लाल बटण सोडव रे. सेल जातील." आणि एक किरटा आवाज काहीतरी बोलतो, की टेप खट्.

"तो म्हातारा कोण?" कॅशियरसाहेबांनी अंधारातूनच विचारलं. "तो वाऽ म्हणणारा?"

"माझे वडील."

"आणि ते पोर?"

"हे," सौ. माझ्याकडे बोट करून म्हणाली.

"काय म्हणतोय तो?"

मला सांगणं भाग होतं. "म्हणतोय, अप्पा, अजून किती वेळ चालणार आहे हे? मला झोप आलीय."

सगळी खोली हसली. झोपाळू नवरा दचकून जागा झाला आणि तोही हसला. ऑर्गनवाल्या बाईंनी दिवा लावायला हात पुढं केला, पण कॅशियरसाहेबांनी तो थांबवला.

"कॅसेट म्हणजे दोन बाजू असतात," ते म्हणाले. "दुसरी आहे का?"

"आहे ना," सौ. म्हणाली, आणि कोथिंबीरवड्यांचा डबा त्यांच्या हातात देऊन तिनं दुसरी बाजू लावली.